भिजलेली पुस्तकं वाचवायचा क्रम : कोकणातल्या विद्यापीठ आणि महाविद्यालयीन ग्रंथालयांसाठी

जुलै उजाडला की मला ठरावीक फोन येऊ लागतात. "मॅडम, परवा रात्री पाणी आलं, पुस्तकं भिजली. आम्ही लगेच सगळी उघडून पंख्याखाली ठेवली, खिडक्या सताड उघडल्या, तरी कुबट वास येतोय. आता काय करू?" फोन येतो तोवर तिसरा-चौथा दिवस लागलेला असतो आणि बुरशी धरलेली असते. मेहनत भरपूर झालेली असते, पण क्रम चुकलेला असतो.

आपल्याकडची अडचण अशी, की पुस्तकं भिजतात तेव्हा हवाही भिजलेलीच असते. कोकण किनाऱ्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबरमध्ये. त्या दिवसांत बाहेरच्या हवेची आर्द्रता ८५-९० टक्क्यांवर असते. बुरशीला ६५ टक्क्यांच्या वरची हवा पुरते आणि ओल्या कागदावर ती ४८ ते ७२ तासांत दिसू लागते. "खिडक्या उघडा, वारा खेळू द्या" हा सल्ला कोरड्या मुलखातला आहे. आपल्याकडे जुलैत खिडकी उघडली की वाऱ्याबरोबर ओलच आत येते.

मी सहायक ग्रंथपाल असताना एका महाविद्यालयात पन्हळ तुंबून तीन रॅक भिजले. आम्हीही खिडक्याच उघडल्या. त्यात वनस्पतिशास्त्राचं रंगीत चित्रांचं एक जाडजूड पुस्तक होतं, ते "शेवटी बघू" म्हणून बाजूला ठेवलं. चौथ्या दिवशी उघडायला गेलो तर पान सुटेना. गुळगुळीत आर्ट पेपरवरचा लेप विरघळून पानं एकमेकांना चिकटली होती. ते पुस्तक आजही माझ्या कपाटात आहे. बोटाने ठोकलं तर लाकडासारखा आवाज येतो. नव्या सहकाऱ्यांना मी ते आधी हातात देते, मग पुढचं सांगते.

## १. मे महिन्यात : आगोटीची तयारी

घरात आपण आगोटीची बेगमी करतो, तशीच ग्रंथालयाची करायची. पण ग्रंथालयं मे महिन्यात सुट्टीवर असतात आणि जूनच्या दुसऱ्या आठवड्यात उघडतात, तोवर मृग लागलेला असतो. तयारी १५ मेच्या आत संपवा. तौक्ते चक्रीवादळ २०२१ साली मेच्या मध्यालाच आपल्या किनाऱ्याजवळून गेलं, आणि २०२० सालचं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं. "पाऊस ७ जूनला" हे गृहीत धरून चालत नाही.

छपरावर स्वतः चढा किंवा माणूस चढवून फोटो काढून घ्या. कौलं परतून झाली आहेत का, पन्हळीत पालापाचोळा साचलाय का, गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा मोकळ्या आहेत का, हे बघायचं. इमारत जांभ्याची असेल तर भिंत पाणी पिते, हे लक्षात ठेवा. अशा भिंतीला टेकवलेला रॅक बाहेरून कोरडा दिसतो आणि मागच्या बाजूने पुस्तकं ओलावलेली असतात. रॅक आणि भिंत यांत वीतभर अंतर हवं. सगळ्यात खालचा कप्पाही जमिनीपासून वीतभर वर हवा. नदीकाठच्या गावात तेवढ्याने भागत नाही. तिथे दाखल नोंदवह्या (ग्रंथालयात आलेल्या प्रत्येक पुस्तकाची क्रमवार नोंद असलेल्या वह्या), प्रबंध आणि दुर्मीळ ग्रंथ वरच्या मजल्यावर न्यायचे आणि पावसाळा संपेपर्यंत तिथेच ठेवायचे. चिपळूणच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात २००५ आणि २०२१ अशा दोन्ही पुरांत पाणी शिरलं. एकदा पाणी आलेल्या जागी पुन्हा येतं, असंच समजून जागा ठरवा.

एक पेटी तयार ठेवा. तिच्यात कोरा न्यूजप्रिंट (वृत्तपत्राच्या छापखान्यात रिळाची उरलेली टोकं मिळतात), टीपकागद, बटर पेपर, नायलॉनची दोरी, रबरी हातमोजे, एन-९५ मास्क, विजेऱ्या, मऊ पेन्सिली, कागदी चिठ्ठ्या, स्वयंपाकघरातला वजनकाटा आणि दोन आर्द्रतामापक असावेत. आर्द्रतामापक स्वस्तातले डिजिटल चालतात, पण दोन हवेत, एक आत आणि एक बाहेर. आंब्याचे किंवा मासळीचे प्लॅस्टिकचे क्रेट धुऊन वाळवून रचून ठेवा. पुठ्ठ्याचे खोके ओल्या पुस्तकांच्या वजनाने तळातून फाटतात.

ग्रंथालयाचा साधा नकाशा काढा आणि आधी काय उचलायचं ते त्यावर लाल रंगाने दाखवा. रात्री दोन वाजता पाणी शिरतं तेव्हा तिथे पहारेकरी असतो, ग्रंथपाल नसतो. त्याला वर्गांक कळत नाहीत, लाल खूण कळते.

सावध : कपाटात डांबराच्या गोळ्या ठेवल्या म्हणजे बुरशीचा बंदोबस्त झाला, असं समजू नका. त्यांनी बुरशी थांबत नाही, आणि बंद खोलीत दिवसभर बसणाऱ्या परिचरांच्या श्वासात मात्र त्या जातात. कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड ठेवायचं तर कडक वाळवूनच. ओला पाला स्वतःच ओल घेऊन येतो.

तपासणी : वातानुकूलन यंत्र सकाळी दहाला सुरू आणि संध्याकाळी पाचला बंद, असं तुमच्याकडे चालतं का? रात्री दमट हवा आत येते आणि थंड पडलेल्या पुस्तकांवर तिचा ओलावा धरतो. पावसाळ्यात ते चोवीस तास चालवता येणार नसेल, तर साठ्याच्या खोलीत लावूच नका. त्यापेक्षा आर्द्रताशोषक यंत्र लावा. त्याची टाकी रोज रिकामी करायची जबाबदारी एकाच माणसाकडे द्या. भरलेली टाकी म्हणजे बंद पडलेलं यंत्र.

## २. पहिला तास : आत पाऊल टाकण्याआधी

मुख्य बटण बंद केल्याशिवाय ओल्या खोलीत जायचं नाही. महावितरणचा पुरवठा आधीच गेलेला असला तरी बटण बंद करायचं, कारण तो परत कधी येईल ते सांगता येत नाही. पाणी पुराचं असेल तर त्यात मैला, डिझेल, मेलेली जनावरं असं सगळं असतं. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय कोणालाही आत सोडू नका. पायाला जखम असलेल्याला तर अजिबात नाही. कोकणात पुरानंतर लेप्टोचे (लेप्टोस्पायरोसिस या दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाचे) रुग्ण सापडतात. काम सुरू होण्याआधीच आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना विचारा आणि ते सांगतील ती औषधं घ्या.

राष्ट्रीय सेवा योजनेची मुलं धावून येतात आणि त्यांचा उत्साह मोठा असतो. त्यांना बाहेर थांबवा, पाच-पाचच्या तुकड्या करा आणि प्रत्येक तुकडीला एकच काम द्या. पन्नास मुलं एकदम आत गेली तर ओली पुस्तकं पायदळी जातात.

ग्रंथालयाचा संगणक सर्व्हर भिजला असेल तर "चालतोय का" म्हणून सुरू करून बघू नका. ओल्या डिस्कला वीज दिली की उरलीसुरली माहितीही जाते. कोहाच्या (ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणाऱ्या संगणक प्रणालीच्या) माहितीची प्रत आठवड्याला एकदा दुसऱ्या इमारतीत किंवा दुसऱ्या गावात जात असेल, तर या क्षणी तुम्ही निश्चिंत असाल.

## ३. हात लावण्याआधी फोटो

इथे घाई सगळ्यात महागात पडते. पाणी ओसरलं की लोक आधी चिखल उपसतात आणि चिखलाबरोबर पुस्तकं कचऱ्याच्या ट्रॉलीत जातात. पंचनामा होत नाही, विम्याचा दावा अडतो, आणि दोन वर्षांनी साठा पडताळणीत चारशे पुस्तकं कुठे गेली हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रत्येक रॅकचा समोरून एक आणि जवळून एक असे फोटो काढा. भिंतीवर पाण्याची रेघ उमटलेली असते, तिच्याशेजारी पट्टी धरून फोटो काढा. रॅक क्रमांक कागदावर लिहून फोटोत येईल असा धरा. हे सगळं तासाभरात होतं. तेवढ्यात कुलसचिव किंवा प्राचार्यांच्या सहीने तहसील कार्यालयाला आणि विमा कंपनीला लेखी कळवा.

## ४. वर्गवारी : आधी काय वाचवायचं

सगळं वाचवता येत नाही. हे पहिल्याच तासात स्वीकारलं तर बरंच काही वाचतं. आधी सगळ्यात जास्त भिजलेलं उचलावं, असं मन सांगतं. पण विचारायचं ते हे, की ही वस्तू पुन्हा मिळेल का?

मी चार ढीग करते.

पहिला ढीग परत न मिळणाऱ्यांचा. हस्तलिखित दाखल नोंदवह्या, मोडीतली कागदपत्रं, स्थानिक वृत्तपत्रांचे बांधीव खंड, देणगीतून आलेले जुने संग्रह आणि प्रबंध. प्रबंधांबाबत थोडं थांबून बघा. पीएच.डी.च्या २००९ सालच्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत द्यायची पद्धत घातली. त्यामुळे त्यानंतरचे बरेचसे प्रबंध शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन साठ्यावर सापडतात, आणि कृषी विद्यापीठांचे कृषिकोश या तशाच साठ्यावर. मोबाइलवर दोन मिनिटांत शोध घ्या. तिथे असेल तर ती छापील प्रत तिसऱ्या ढिगात जाऊ शकते. सत्तर-ऐंशीच्या दशकातला टंकलिखित प्रबंध मात्र जगात एवढाच असू शकतो. खारजमिनीवरच्या भाताची कोणी तीन वर्षं केलेली मोजणी, हाताने रंगवलेले आलेख, हे पुन्हा कुठून आणणार?

दुसरा ढीग आर्ट पेपरच्या पुस्तकांचा : नकाशासंग्रह, वैद्यक आणि वनस्पतिशास्त्राची रंगीत पुस्तकं, कलाविषयक ग्रंथ. ही ओली असतानाच हाताळावी लागतात. एकदा आपोआप वाळली की संपली.

तिसरा ढीग साध्या कागदावरच्या पाठ्यपुस्तकांचा. ही चिवट असतात आणि थांबू शकतात. चौथ्यात बाजारात सहज मिळणारी, अनेक प्रती असलेली, चिखलाने पूर्ण माखलेली. या चौथ्या ढिगावर पहिल्या दोन दिवसांत एक मिनिटही घालवू नका. पण फेकूही नका. ती बाजूला, ताडपत्रीवर, नोंद होईपर्यंत राहतील.

सावध : पुस्तकावर किंवा चिठ्ठीवर बॉलपेनने काही लिहू नका. ओल्यावर शाई पसरते आणि दाखल क्रमांकच वाचता येत नाही. मऊ पेन्सिल वापरा. बारकोडची चिकटपट्टी सुटून आली तर ती त्याच पुस्तकात घालून ठेवा.

## ५. रॅकमधून बाहेर काढणं

पाणी पिऊन पुस्तकं फुगतात आणि रॅकमध्ये घट्ट अडकतात. वरून कण्याला बोट घालून ओढलं की कणा हातात येतो आणि पुस्तक आतच राहतं. आधी रॅकची बाजूची पट्टी किंवा फळी सोडवा, जागा मोकळी करा, मग दोन्ही बाजूंनी तळवे लावून काढा. पुस्तक उघडू नका. कितीही वाटलं तरी आत किती भिजलंय हे आत्ता बघायचं नाही. ओलं पान स्वतःच्याच वजनाने फाटतं.

क्रेटमध्ये कणा खाली करून एकच थर लावा, दोन पुस्तकांत बोटभर सैल जागा ठेवा. ओलं पुस्तक कोरड्याच्या दीडपट जड होऊ शकतं, म्हणून क्रेट एका माणसाला उचलता येईल एवढाच भरा. मुलांची साखळी करून क्रेट हातोहात बाहेर द्या.

## ६. चिखल : धुवायचा की नाही

पुराचा चिखल ओला असेल आणि पुस्तक साध्या छपाईचं, धड बांधणीचं असेल, तरच धुवा. तीन टबांत स्वच्छ पाणी घ्या. पुस्तक बंदच ठेवून दोन्ही हातांनी घट्ट धरा, पहिल्या टबात बुडवून हलकेच हलवा, मग दुसऱ्यात, मग तिसऱ्यात. घासायचं नाही. चिखल पानांच्या कडांमधून आत ढकलला गेला तर तो कायमचा तिथेच राहतो.

हाताने लिहिलेलं, शाईचे शिक्के असलेलं, रंगीत कापडी बांधणीचं किंवा सुटलेलं काहीही धुवू नका. चिखल आधीच वाळला असेल तर त्यालाही पाणी लावू नका, तो पुढे मऊ ब्रशने झटकता येतो. पाण्यात फिनेल, ब्लीचिंग पावडर किंवा कुठलंही जंतुनाशक घालायचं नाही. कागद त्याने कायमचा कमकुवत होतो.

## ७. गोठवणं : कोकणाची स्वतःची सोय

पन्नासच्या वर पुस्तकं भिजली असतील तर ४८ तासांत ती सगळी वाळवणं कोणालाही शक्य नाही. अशा वेळी ती गोठवायची. उणे १८ अंश किंवा त्याहून खाली बुरशी वाढत नाही, शाई पसरत नाही, आर्ट पेपरही चिकटत नाही. गोठवल्याने पुस्तक वाळत नाही, पण तुम्हाला वेळ मिळतो.

किनाऱ्यावर ही सोय आपल्या दाराशी आहे. मासळी प्रक्रिया कारखान्यांकडे उणे १८ अंशाच्या साठवण खोल्या असतात. आणि राज्यात यांत्रिक मासेमारीला १ जून ते ३१ जुलै बंदी असते, म्हणजे ऐन पुराच्या दिवसांत या खोल्यांत जागा मिळण्याची आशा जास्त. मे महिन्यातच जवळच्या कारखान्यात जाऊन बोलून ठेवा. संकटाच्या दिवशी अनोळखी माणसाला फोन करून "आमची पुस्तकं तुमच्या बांगड्यांच्या शेजारी ठेवा" असं सांगणं अवघड जातं. आधी चहा पिऊन ओळख झालेली असेल तर मालक स्वतः टेम्पो पाठवतो.

प्रत्येक पुस्तक बटर पेपरात सैलसर गुंडाळा, म्हणजे गोठल्यावर एकमेकांना चिकटणार नाहीत. कणा खाली करून क्रेटमध्ये लावा. क्रेट जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करा, नाहीतर मासळीचा वास कागदात बसतो. प्रत्येक क्रेटवर क्रमांक घाला आणि आत काय आहे त्याची यादी तुमच्याजवळ ठेवा.

सावध : आंब्याचं शीतगृह चालत नाही. तिथलं तापमान शून्याच्या बरंच वर असतं. तिथे बुरशी हळू वाढते, पण वाढतेच. काचेच्या जुन्या छायापट्ट्या, ध्वनिफिती आणि सीडी कधीच गोठवू नका.

गोठवलेली पुस्तकं बाहेर काढायची घाई करू नका. ऑक्टोबरच्या दुसऱ्या पंधरवड्यापासून आपल्याकडची हवा कोरडी होत जाते. तेव्हा दिवसाला दहा-पंधरा अशी काढून वाळवायला घ्या. एवढी धीमी गती का, ते पुढच्या टप्प्यात कळेल.

## ८. वाळवणं

### जागा

एकच खोली निवडा, ती ग्रंथालयाच्या मुख्य साठ्यापासून दूर हवी. खिडक्या बंद करा. आर्द्रताशोषक यंत्र लावा. ते नसेल तर वातानुकूलन यंत्राचा कोरड्या हवेचा पर्याय चालतो, फक्त चोवीस तास चालवा. पंखे भिंतीकडे किंवा छताकडे तोंड करून लावा. थेट पुस्तकावर झोत आला की वरची पानं आधी वाळून वाकडी होतात आणि कण्याजवळ ओल कोंडते.

दोन्ही आर्द्रतामापकांचे आकडे सकाळ-संध्याकाळ फळ्यावर लिहा. आतला आकडा बाहेरच्यापेक्षा कमी असेल तोवर खिडक्या बंद. ऑक्टोबरनंतर दुपारी बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा खाली जाऊ लागला की खिडक्या उघडायच्या. आतला आकडा ५५ च्या आसपास आणता आला तर उत्तम. ६५ च्या खाली येतच नसेल तर खोलीत पुस्तकं जास्त झाली आहेत. निम्मी परत गोठवायला पाठवा.

### चिंब भिजलेली

यांना उघडायचं नाही. टेबलावर टीपकागदाचा जाड थर घालून पुस्तक वरची कड खाली करून उभं ठेवा, पुठ्ठे अगदी किंचित फाकवा. पाणी निथळत राहतं. खालचा कागद भिजला की बदला. पहिल्या दिवशी दर दोन तासांनी बदलावा लागतो, आणि रात्रीही. रात्रपाळी लावली नाही तर पहाटे पुस्तक स्वतःच्याच पाण्यात उभं असतं.

### अर्धवट ओली

पाणी निथळलं, की पुस्तक आडवं ठेवा आणि पानं आपसूक सुटतील तिथेच कोरा न्यूजप्रिंट घाला, साधारण दर वीस-तीस पानांनंतर एक. जबरदस्तीने पान सोडवायचं नाही. घातलेल्या कागदांची एकूण जाडी पुस्तकाच्या जाडीच्या एक पंचमांशापेक्षा जास्त झाली की कणा ताणून फाटतो. इथे बहुतेक जण चुकतात : जितका जास्त कागद तितकं लवकर वाळेल, असं वाटतं आणि पुस्तक पंख्यासारखं फुलून बसतं. कमी कागद घाला, लवकर लवकर बदला. पुठ्ठा आणि पहिलं पान यांच्यामध्येही कागद हवा, तिथली खळ सगळ्यात उशिरा वाळते.

छापलेली जुनी वर्तमानपत्रं यासाठी वापरू नका. त्यांची शाई ओल्या पानावर उतरते.

### आर्ट पेपर

गोठवता आलं तर गोठवाच. नाही आलं तर ओलं असतानाच प्रत्येक पानाच्या मध्ये बटर पेपर घाला. प्रत्येक पानाच्या, एकही सुटता कामा नये. तीनशे पानांच्या पुस्तकाला दोन माणसांची दुपार जाते. म्हणून ही पुस्तकं कोणती हे वर्गवारीच्या वेळीच ठरवायला लागतं.

### पातळ पुस्तिका

बोटाच्या जाडीपेक्षा पातळ असलेल्या पुस्तिका नायलॉनच्या दोरीवर मधोमध टांगता येतात. जाड पुस्तक टांगलं तर शिलाई तुटते.

### जवळजवळ वाळलेली

पानं कोरडी वाटतात पण हाताला अजून गार लागतात, अशा अवस्थेत पुस्तक बंद करा, कणा सरळ करा आणि दोन गुळगुळीत फळ्यांमध्ये ठेवून वर हलकं वजन द्या. हे वेळेवर केलं तर पानं पापडासारखी वळत नाहीत. रोज एकदा काढून वारा द्या आणि पुन्हा दाबा.

सावध : ऊन नको, इस्त्री नको, केस वाळवायचं यंत्र नको. कडक उन्हात कागद आणि खळ दोन्ही कडकडीत होतात, रंग उडतो. शिवाय गच्चीवर पुस्तकं घातली आणि झड आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

## ९. वाळलं हे कसं ओळखायचं

या टप्प्याला कोणी थांबत नाही आणि म्हणून महिन्याभराने कपाट उघडल्यावर पांढरी-हिरवी भुरी दिसते. पान कोरडं लागलं म्हणजे पुस्तक वाळलं असं होत नाही. कणा आणि पुठ्ठा पानांपेक्षा कितीतरी मागे असतात.

मी दोन तपासण्या करते. पहिली गालाची. पुस्तक मध्यावर उघडून कण्याजवळची घडी गालाला लावायची. गार लागली तर आत पाणी आहे. बोटांपेक्षा गालाला हे चांगलं कळतं.

दुसरी वजनाची. रोज ठरलेल्या वेळी त्याच काट्यावर पुस्तक ठेवायचं आणि चिठ्ठीवर ग्रॅम लिहायचे. एका टंकलिखित प्रबंधाची माझ्याकडची चिठ्ठी अशी होती : १४१०, १२९५, ११८०, १०८५, १०२०, ९८५, ९७०, ९६५, ९६५, ९६५. पाचव्या दिवशी सगळ्यांनी "वाळला" म्हणून सांगितलं होतं. त्यानंतरही त्यातून पन्नासेक ग्रॅम पाणी गेलं. सलग तीन दिवस आकडा हलला नाही आणि खोलीची आर्द्रता ६० च्या खाली असेल, तरच पुस्तक वाळलं म्हणा. खोलीच ८० वर असेल तर स्थिर वजनालाही अर्थ नाही, पुस्तक फक्त खोलीइतकं ओलं झालेलं असतं.

शंका उरली तर पुस्तक पारदर्शक पिशवीत छोट्या आर्द्रतामापकासह एक दिवस बंद करून ठेवा. आकडा ६० च्या वर गेला तर परत वाळवायच्या खोलीत.

## १०. बुरशी आलीच तर

ओली बुरशी पुसायची नाही. पुसली की ती कागदाच्या तंतूंत दाबली जाते आणि डाग कायम राहतो. पुस्तक वेगळं काढून पिशवीत घाला, गोठवा किंवा पूर्ण वाळवा. बुरशी कोरडी, भुकटीसारखी झाली की एन-९५ मास्क आणि हातमोजे घालून, उघड्या पडवीत, वाऱ्याकडे पाठ करून मऊ ब्रशने स्वतःपासून दूर झटका. कापडी पुठ्ठ्यावर ७० टक्के अल्कोहोलचा बोळा फिरवता येतो, आधी कोपऱ्यात रंग सुटतो का ते बघून. दमा असलेल्या सहकाऱ्याला हे काम देऊ नका. थायमॉलच्या धुरीच्या जुन्या कपाटांचं आता काम नाही. ती वाफ माणसाला बाधते आणि शाई-वार्निश मऊ करते.

## ११. दप्तर

भिजलेल्या पुस्तकाची नोंद कोहामधून खोडू नका. प्रतीची अवस्था "खराब" करा, जागा बदलून "वाळवणं" किंवा "शीतगृह, क्रेट ७" अशी घाला. विद्यार्थी शोधायला आला तर त्याला निदान उत्तर मिळतं.

शेवटी जी वाचली नाहीत त्यांचं निर्लेखन (दप्तरातून रीतसर कमी करणं) ग्रंथालय समितीच्या ठरावानेच होतं. सोबत फोटो, पंचनामा आणि दाखल क्रमांकांची यादी जोडा. एक चूक मी वारंवार बघते : भिजून गेलेली पुस्तकं पडताळणीत "गहाळ" म्हणून दाखवायची. केंद्राच्या २०१७ सालच्या सामान्य वित्तीय नियमांत (नियम २१५) वर्षभरात दिलेल्या किंवा हाताळलेल्या दर हजार ग्रंथांमागे पाचांची घट वाजवी मानली आहे, तीही अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. एक हजार रुपयांवरच्या आणि दुर्मीळ पुस्तकांची चौकशी त्यातही सुटत नाही. ती तरतूद नेहमीच्या वापरातल्या घटीसाठी आहे. पुरात गेलेलं पुस्तक तिच्यात बसवलं तर खरी कारणं दडतात आणि उद्या चौकशी झाली तर ग्रंथपालाकडे कागद नसतो. राज्य विद्यापीठांनी आपापली लेखासंहिता बघावी, पण नष्ट आणि गहाळ हे दोन रकाने वेगळेच ठेवावेत.

## १२. परत रॅकवर

वाळलेली पुस्तकं लगेच जुन्या जागी नेऊ नका. निदान महिनाभर वेगळ्या रॅकवर, सैल लावून ठेवा आणि आठवड्यातून एकदा पाच-सहा पुस्तकं कुठूनही काढून वास घ्या, कण्याजवळ बघा. कसरीचे चंदेरी किडे याच काळात खळ खायला येतात. मूळ रॅक साध्या कोरड्या फडक्याने पुसून, भिंतीची ओल गेल्याची खात्री करून मगच भरायचे. चुन्याचा किंवा तेलरंगाचा ताजा हात मारलेल्या भिंतीशेजारी दोन आठवडे काही लावू नका.

प्रत्येक वाचलेल्या पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने बारीक अक्षरात लिहा : भिजलं तो महिना, वाळलं तो महिना, शेवटचं वजन. पुढच्या मे महिन्यात रॅक तपासताना हीच पुस्तकं सगळ्यांत आधी काढून काट्यावर ठेवायची.